मोरीतल्या तीन रेघा

कासारवाडीत रेल्वेच्या भिंतीपाशी जी गल्ली संपते, तिच्या अगदी टोकाला आमचं घर आहे. गल्लीतलं सगळ्यात खालचं. मी लग्न होऊन आले तेव्हा तसं नव्हतं, दोन पायऱ्या चढून घरात जावं लागायचं. मग रस्त्यावर डांबर पडलं, त्या डांबरावर दुसरं डांबर, मग काँक्रीट, मग ते लाल-पिवळे ठोकळे. रस्ता दरवेळी थोडा वर आला आणि घर होतं तिथंच राहिलं. आता दोन पायऱ्या उतरून आत यावं लागतं. पाहुणे म्हणतात, तळघरात राहता की काय. मी म्हणते, नाही हो, आम्ही जमिनीवरच आहोत, तुम्हीच वर गेलात.

तर अशा घराला ड्रेनेजचं काय होतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. घाण पाणी सरळ स्वभावाचं असतं. पुढं वाट असली की गुपचूप जातं. वाट तुंबली की मागं फिरतं आणि जे तोंड सगळ्यात खाली असेल त्यातून वर येतं. आमच्या गल्लीत ते तोंड म्हणजे माझी मोरी. चेंबरची झाकणं राहिली वर रस्त्याच्या उंचीला, ती उचलायच्या कितीतरी आधी माझ्या मोरीच्या जाळीत बुडबुडे येतात. आधी गुडगुड, मग काळं पाणी, मग आख्ख्या गल्लीनं सकाळपासून काय काय केलं ते सगळं.

पहिल्यांदा झालं तेव्हा आमचे हे चालत नदीकडच्या पंप हाऊसला गेले, भांडायला. गल्लीचं पाणी तिथल्या विहिरीत जमतं आणि पंप ते पुढं शुद्धीकरणाला ढकलतात. पंपावरचा माणूस परभणीकडचा. त्यानं यांना विहिरीवर नेलं आणि दाखवलं. म्हणाला, "काका, बघा की तुम्हीच. विहीर निम्मी रिकामीय. पंप चालू. पाणी माझ्याकडं यायलंच नाही, तर मी ढकलू काय?" मग दोघांनी तिथंच चहा घेत डोकं लावलं. विहीर भरलेली आणि आमची मोरीही भरलेली, म्हणजे पंपाचं दुखणं. विहीर रिकामी आणि मोरी भरलेली, म्हणजे मधे लाइन तुंबली, जेटिंगची गाडी बोलवायची, ती पाण्याच्या जोरानं तुंबारा फोडते. त्याला त्याच्या विहिरीतलं दिसायचं, गल्लीतलं दिसत नव्हतं. आम्हाला गल्लीतलं दिसायचं. भांडायला गेलेले हे त्याचा नंबर घेऊन आले.

हे आयुष्यभर कंपनीत मापं तपासायच्या खात्यात होते. कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय त्यांना करमायचं नाही, भाकरीसुद्धा. मोरीच्या भिंतीवर त्यांनी काळ्या ऑइलपेंटनं दोन रेघा मारल्या. खालची जाळीपासून चार बोटांवर, पाणी तिथं आलं की फोन करायचा. वरची मोरीच्या कट्ट्याच्या उंचीला, तिथं आलं की पीठ, गॅस, गाद्या उचलायच्या. मधली रेघ नंतर आली. ती आक्काची.

आक्का म्हणजे समोरच्या घरातली. गावकीतलं जुनं घर, एके काळी नदीपर्यंत त्यांची वांगी आणि ऊस होता म्हणे, आता वाटण्या होऊन दोन खोल्या उरल्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तीन वर्षांपूर्वी मोरीत घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. रॉड घातला, पण उभं राहणं गेलं ते गेलंच. खाटेवर ठेवली तर एकदा खाटेवरून पडली. मग तिनं स्वतःच ठरवलं, गादी खाली घाला. आणि मोरीचा कट्टा फोडून सपाट करा. गादीवरून ती बसत बसत, हातावर भार देत, मोरीपर्यंत जायची आणि परत यायची. वेळ लागायचा, पण कुणाला हाक मारावी लागायची नाही. "माजं मी जाते, माजं मी येते," हे ती आल्यागेल्याला सांगायची, जसं कुणी मुलाची नोकरी सांगतं.

पण कट्टा गेला तशी तिची फरशी आणि मोरी एकच झाली. म्हणजे आमच्या मोरीत पाणी मधल्या एका उंचीला आलं, की तिकडं आक्काच्या गादीला लागणार. ती उंची ह्यांनी मोजली आणि तिथं लाल रेघ ओढली. आमच्या जाळीपासून लाल रेघेपर्यंत पाणी चढायला अर्धा तास लागायचा, कधी थोडा जास्त. तेवढा वेळ आक्काला उचलायला आणि गाडी निघायला पुरायचा. परभणीवाला फोनवर पहिलं हेच विचारायचा, "मावशी, काळी का लाल?"

असं सहा-सात वेळा झालं असेल. एकदाही आक्काची गादी भिजली नाही.

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी हे गेले. सकाळी पेपर वाचत होते. मी आतून विचारलं, पोहे करू का उपमा, आणि उत्तर आलं नाही. एवढंच.

दात काढताना डॉक्टर सुई देतात, मग गाल आपलाच असतो पण हाताला दुसऱ्या कुणाचा लागतो. तसं माझं झालं. मला रडू येत नव्हतं. आलेल्या बायका माझ्या तोंडाकडं बघायच्या आणि मी त्यांना चहा करून द्यायचे. त्या दिवसांत कुणी काहीही विचारलं की मी हो म्हणायचे. त्यांचे कपडे देऊ का, हो. स्कूटर मित्राला देऊ का, हो. मुलगा सांगवीला राहतो, तो म्हणाला, "आई, बाबा होते तोवर ठीक होतं. आता तू एकटी हे मोरीचं पाणी उपसत बसणार का? एक झडप मिळते, पाणी बाहेर जातं पण उलटं आत येत नाही. बसवून टाकू?"

मी म्हणाले, हो.

त्याची काही चूक नाही. त्याला माझी काळजी. प्लंबर आला, मोरी फोडली, बाहेरच्या नळीवर झडप बसवली, आणि आता फोडलीच आहे तर म्हणून नवीन पांढऱ्या टाइल्स लावल्या, खालपासून कमरेपर्यंत. मोरी दवाखान्यासारखी दिसायला लागली. रेघा टाइलखाली गेल्या हे मला दोन दिवसांनी दिसलं. दिसलं, आणि मी बादली भरायला लावली.

पंप हाऊसला कळवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. कुणाच्याच आलं नाही. आपल्या घरातली मोरी बंद केली हे असं कुणी कुणाला कळवतं का?

आता धुळवडीच्या दुसऱ्या दिवसाचं सांगते.

रंगलेले कपडे धुऊन निघत नाहीत. आमच्याकडं लोक ते टाकून देतात, आणि कचऱ्याची गाडी चुकली की कुठं टाकतात ते चेंबर साफ करणाऱ्याला विचारा. त्या सकाळी भिंतीपाशी जिथं लाइन वळते तिथं एक आख्खी विजार, दोन शर्ट आणि एक गोणपाट अडकलं होतं. हे नंतर कळलं. सकाळी सहा ते नऊ म्हणजे गल्लीच्या अंघोळींची वेळ. पाणी मागं फिरलं आणि चढायला लागलं.

माझी मोरी कोरडी होती. झडप बंद झाली होती, तिचं काम तिनं चोख केलं.

प्लंबरनं मला सांगितलं होतं, "काकू, एक लक्षात ठेवा. झडप बंद असली की तुमचंही पाणी बाहेर जाणार नाही. अंघोळीचं पाणी मोरीत साचून राहिलं तर समजायचं बाहेर तुंबलंय." म्हणजे वेळेवर अंघोळ केली असती तरी मला कळलं असतं. चार तांबे अंगावर घेतले असते तरी कळलं असतं. मी जन्मात कधी अंघोळीशिवाय चूल पेटवली नाही. पण त्या दिवसांत माझ्या ते लक्षातच यायचं नाही. सकाळी मी कपातला चहा घेऊन भिंतीला टेकून बसले होते. चहावर साय आली, ती मी बघत होते.

आक्काची सून चाकणच्या कंपनीत, पहिली शिफ्ट, पावणेसहाला तिची बस. मुलगाही तिकडंच दुसऱ्या कंपनीत. दुपारी तीनपर्यंत आक्का एकटी आणि तिची किल्ली माझ्याकडं. पूर्वी मी आठला जायचे, चहा घेऊन. हे गेल्यापासून दहा वाजायचे. आक्का त्यावरून बोलली नव्हती. काही लागलं तर ती पितळेचा तांब्या फरशीवर आपटायची, टण टण, तो आवाज मला माझ्या स्वयंपाकघरात यायचा.

त्या दिवशीही तिनं आपटला. पण फरशीवर पाणी होतं. पाण्यात तांब्या वाजत नाही.

साडेदहाला मी कुलूप काढलं. दार ढकललं तर ते जड लागलं. आत पाणी घोट्याच्या खाली होतं, फार नव्हतं, रंगाची एक गुलाबी साय वर तरंगत होती. आक्का भिंतीला पाठ लावून बसली होती, गादीवरच, गादी भिजून खाली बसलेली. फोन गादीवरून पाण्यात पडला होता. मांडीवर तिनं देव घेतले होते, खालच्या फळीवरचे, आणि पिठाचा छोटा डबा. दीड तास ती तशी बसली होती.

ती मला म्हणाली, "आलीस व्हय."

मी पाण्यातून तिच्याकडं गेले.

"तुज्याकडं किती आलंय?"

"माझ्याकडं नाही आलं, आक्का."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुज्याकडं न्हाई आलं आन् माज्याकडं आलं? म्हंजे आज पानी डोंगर चढलं म्हनायचं." आणि मग, "तुज्या मालकानं मापलं व्हतं गं. त्याचं माप चुकत नव्हतं."

शेजारच्या दोघींना बोलावून आम्ही तिला उचललं, माझ्याकडं आणलं, दोनदा अंघोळ घातली. तिचं पाणी माझ्या मोरीत साचून राहिलं. तेव्हा मी झडपेकडं बघितलं. बायका नाकाला पदर लावून म्हणत होत्या, काय हा वास. मला येत नव्हता. फोन मी तेव्हा केला. परभणीवाला म्हणाला, "मावशी, विहिरीत पाणी कमी यायलंतं. मला वाटलं, सणाची दुसरी सकाळ, लोक निवांत उठले असतील. तुमचा फोन नव्हता म्हणून मी गप बसलो." मी त्याला झडपेचं सांगितलं. तो म्हणाला, "हाव. गाडी पाठवतो."

आक्काला न्यूमोनिया वगैरे काही झालं नाही. कमरेला जखम झाली, ती दोन महिने भरत नव्हती. आजार तिकडं नव्हताच. आजार होता तो तिच्या मुलाच्या बोलण्यात. त्याचा चाकणला फ्लॅट घ्यायचा बेत आधीपासून होता, कंपनीजवळ, चौथ्या मजल्यावर. आक्का नाही म्हणते म्हणून थांबला होता. त्या संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर बसला आणि मला म्हणाला, "काकू, मी तिला शब्द दिलाय, जबरदस्ती करणार नाही. पण परत एकदा असं पाणी आलं, तर त्या दिवशी मी तिला उचलून नेणार. मग ती रडो की ओरडो."

त्याचंही बरोबर होतं. पण चाकणला म्हणजे खाट. संडास उंच, इंग्लिश. बसत बसत जायचं म्हटलं तर मधे दोन उंबरे. मग भांडं द्यायला बाई येणार. आक्का मला म्हणाली, "तितं मी काय करायचं? वरनं बगत बसायचं, कोन आलं कोन गेलं? इतं माजं मी जाते."

हे तिनं तीन वर्षांत शंभरदा सांगितलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, नुसतं ऐकायची गोष्ट नाही ही. वाटलं म्हणजे काय, तेवढं मात्र आत पोचलं. बाकी काही पोचत नव्हतं.

मी प्लंबरला फोन केला, झडप काढायची आहे.

"काकू, बिघडली का?"

"नाही. चांगली आहे."

"मग का काढायची?"

"पाणी आत आलं पाहिजे."

तो हसला. मग मी हसले नाही म्हणून थांबला. "लोक मला पाणी थांबवायला बोलावतात," तो म्हणाला. "घाण घरात घ्यायला बोलावणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मुलगा सांगवीहून आला तो चिडूनच. "आई, तू ऐकशील का? त्यांनी त्यांच्याकडं झडप बसवावी. आपण का?" मी त्याला समजावलं. पाणी झडपेमुळं आक्काकडं गेलं असं नाही, ते जाणारच होतं. झडपेमुळं गेलं ते आधी कळणं. दोन्हीकडं झडपा बसवल्या तर पाणी तिसऱ्याकडं जाईल, आणि तो परभणीवाला रिकाम्या विहिरीकडं बघत बसेल. गल्लीत एक तोंड उघडं पाहिजे, आणि त्या तोंडापाशी दिवसभर घरात असणारं माणूस पाहिजे. "ते मीच आहे," मी म्हणाले. "मला दुसरं काय काम आहे?"

तो म्हणाला, "बाबा गेल्यापासून तू कशालाच नाही म्हणाली नव्हतीस."

"आताही नाही म्हणत नाही. काढ एवढंच म्हणते."

झडप निघाली. राहिल्या रेघा. टाइल फोडून ह्यांच्या रेघा बघाव्यात असं प्लंबर म्हणाला. मला नको वाटलं. का ते सांगता येत नाही. खाली असतील त्या, असू देत.

आक्काची उंची मात्र मोजावी लागणार होती. परभणीवाल्याला सुट्टीच्या दिवशी मी जेवायला बोलावलं होतं, पिठलं-भाकरी. तो येताना गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घेऊन आला, चांगली लांब. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला उभं राहतं, मधे रस्ता असो नाहीतर भिंत. एक टोक माझ्या मोरीत, मी धरलेलं. दुसरं गल्ली ओलांडून आक्काच्या हातात. तो मधे गल्लीत, नळी खांद्यावर, येणाऱ्या मोटारसायकलींना थांबवत.

"आक्का, पाणी फरशीला टेकलं का?" तो ओरडला.

"दोन बोटं वर हाय."

"मग टोक जरा खाली घ्या."

"मी खाली घेतलं की तिचं वर जाईल न्हवं?"

"नाही जात आक्का. पाणी दोघींचं सारखंच असतंय."

"सारखं कसं? आमी गावचं पाटील, ती आली नगरकडनं." आणि मग हसली असावी, मला दिसत नव्हतं, पण तो मधे उभा राहून हसत होता. एका मोटारसायकलवाल्यानं विचारलं, काय चाललंय राव, पाइपलाइन का? तो म्हणाला, "म्हाताऱ्या मोजायलाव."

"टेकलं गं," आक्कानं आतून सांगितलं. "आता मार रेघ. जल्मभर तुज्यापरीस वर ऱ्हायले, आज किती ते तरी कळंल."

एक वीत आणि दोन बोटं. मी तिथं रेघ मारली. घरात रंग नव्हता, गेरू होता, मग गेरूनंच तिन्ही मारल्या. पाणी लागलं की गेरू जातो हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मारल्या. डोकं तेव्हा तसंच चालायचं, अर्ध्या रस्त्यात थांबायचं.

पावसाळा त्या वर्षी सरळ गेला. अंघोळ मात्र मी रोज सहाला करायला लागले. मनापासून वाटायचं म्हणून नाही, मोरी बघायला म्हणून. मग अंग ओलं झालंच आहे तर चहा करायचा, चहा केलाच आहे तर आक्काकडं न्यायचा. आठ वाजता पुन्हा तिच्या दारात मी.

"आज लौकर?" ती म्हणायची.

"आठच वाजलेत."

"त्येच म्हनते."

मग दिवाळी आली. पंप हाऊसवाल्यांना पावसापेक्षा दिवाळीची पहिली अंघोळ जड जाते, हे लोकांना ठाऊक नसतं. पाऊस दिवसभर पडतो. पहिली अंघोळ आख्खं शहर एकदम करतं, उजाडायच्या आत, तेल आणि उटणं लावून. तेलाचा थर गार पाण्यात घट्ट होतो, त्यात उटणं, त्यात केस. परभणीवाल्यानं आदल्या दिवशी फोन केला होता. "मावशी, उद्या लक्ष असू द्या."

आमच्याकडं त्या वर्षी सण नव्हता. वर्ष झालं नव्हतं. फराळ करायचा नाही, कंदील नाही, तेल लावायचं नाही. मी पाचलाच उठून मोरीच्या कट्ट्यावर पाट टाकून बसले होते. बाहेर फटाके वाजत होते. जाळीत गुडगुड झाली. मग एक बुडबुडा आला. मग पाणी वर आलं, पांढुरकं, तेलकट, वर झेंडूची एक पाकळी.

खालच्या रेघेला लागल्यावर मी फोन लावला.

"काळी का लाल?" त्यानं विचारलं. नव्या रेघा सगळ्या गेरूच्याच होत्या, पण तो तसंच विचारतो.

"काळी. तुमची विहीर?"

"विहिरीत कमीच यायलंय. मधेच अडकलंय मग. गाडी निघाली समजा."

मी समोर गेले. दिवाळीची सुट्टी, मुलगा आणि सून घरात होते. आक्काला सून तेल लावत होती. मी मुलाला म्हणाले, "तीस मिनिटं आहेत. नुसतं लक्ष ठेव, घाबरू नकोस." त्याचा चेहरा बदलला. आक्का त्याच्याकडं बघत होती, माझ्याकडं नाही. कुणी चाकण म्हणालं नाही, पण खोलीत सगळ्यांना तेच ऐकू आलं.

तो माझ्याबरोबर आला. मोरीच्या कट्ट्यापाशी उकिडवा बसला. पाणी चढत होतं. मी त्याला सांगितलं, ही मधली आहे ना, ही तुमची फरशी. त्यानं त्या रेघेवर बोट ठेवलं आणि ठेवूनच बसला. मी बादल्या भरून मागच्या बागेत ओतत होते, त्यानं उपयोग होत नाही, गल्लीचं पाणी बादलीनं संपत नाही, पण हात मोकळे ठेवायचे कसे. थोड्या वेळानं उठून तो पण बादली घेऊन लागला.

गाडीचा आवाज आला तेव्हा पाणी त्याच्या रेघेच्या तीन बोटं खाली होतं. बाहेर भिंतीपाशी झाकण उघडलं, पाइप आत गेला, मशीन घुमायला लागलं. पाणी आणखी एक बोट चढलं. मग थांबलं. मग जाळीनं एक मोठा घोट घेतला आणि सगळं खाली गेलं, पाकळीसकट.

समोर जाऊन मी बघितलं. आक्काची फरशी कोरडी होती. सुनेनं तिला अंघोळ घालायचं थांबवलं होतं, ती अंगाला तेल तसंच ठेवून बसली होती. मी म्हणाले, "घाला आता पाणी. गेलं."

आक्का म्हणाली, "सरक." सुनेला. आणि हातावर भार देत, तेलकट हात फरशीवर घसरत होते म्हणून थांबत थांबत, मोरीकडं गेली.

मला बरं वाटलं का, तर खरं सांगायचं म्हणजे मला काही वाटलं नाही. मी घरी येऊन फिनेल टाकलं, मोरी घासली. वास आला. फिनेलचा होता की त्याच्या आधीचा, ते सांगता येणार नाही, पण आला.

दुपारी आक्काचा मुलगा आला. एका हातात फराळाचं ताट, आमच्याकडं केलं नाही म्हणून त्यांच्या घरचं. दुसऱ्या हातात लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश. "काकू, गेरूनं मारल्या होत्या तुम्ही," तो म्हणाला. "पहिली धुऊन गेली. मधली राहिलीय तोवर मारून घेतो."

"फ्लॅटचं काय?" मी विचारलं.

तो टाइल पुसत होता. "बघू," म्हणाला. "लिफ्टपण बंदच असते तिथली." मग ओठ दातात धरून त्यानं रेघ ओढली, ह्यांच्यासारखी सरळ नाही आली, एका टोकाला खाली गेली.

"वाळेपर्यंत पाणी लावू नका," तो म्हणाला.

मी म्हणाले, "ते माझ्या हातात नाही रे."